भिडूची जागा

तिकडून नका ओढू, काका — त्या बाजूची दोरी खिळ्यात अडकलीय, ताडपत्री फाटेल — हां, असं, इकडून. बघा, आली की नाही. एवढीशीच आहे हो. मी फोनवर 'होडी' म्हटलं आणि तुम्ही ट्रक घेऊन आलात, मला हसूच आलं, हिला हातगाडीसुद्धा पुरली असती. ठेंगणी. नाव आहे तिचं, ठेंगणी — डोलकाठी आखूड म्हणून बाबांनी ठेवलेलं. धक्क्यावर मोठ्या होड्यांच्या रांगेत उभी राहिली की चुकून मोठ्यांच्या फोटोत घुसलेल्या पोरीसारखी दिसायची. शीड वर आहे, माळ्यावर, ते उंदरांनी खाल्लंय, ते तुम्हाला असंच देऊन टाकीन. बसा ना त्या ठोकळ्यावर. चहा ठेवलाय मी. नको म्हणू नका, एकटीसाठी आधण ठेवायचं जिवावर येतं, तुम्ही आहात तर माझाही होईल.

मी? हो, बारीकच आहे पहिल्यापासून. तुम्हीही सुरू झालात का! बाबा डोकं खायचे अगदी. मी तिकडे परदेशात शिकायला होते ना — दर रविवारी फोन. लोकांचे वडील विचारतात अभ्यास कसा चाललाय, थंडी आहे का. आमच्याकडे पहिला प्रश्न काय, तर 'वजन किती?' आणि मी आकडा सांगितला की, 'कपड्यांसकट की नुसतं?' खोलीतल्या मैत्रिणी लोळायच्या हसून. मला वाटायचं, आई नाही, तर आईनं करायची काळजीही हेच करतायत बिचारे. मग मी आपलं वाढवून सांगायचे. उगाच जिवाला घोर नको. आधी बावन्न, मग पंचावन्न, मग अठ्ठावन्न म्हणायचे. शेवटी शेवटी दर रविवारी अठ्ठावन्न, कपड्यांसकट. 'वा, तब्येत चांगली धरलीस,' म्हणायचे, आणि खूश.

हं, तर होडीचं. तोडायचीच असं काही ठरलेलं नाहीये अजून, आधीच सांगते. म्हणजे फोन मीच केला, खरंय. नंबर आत्यानं दिला. आत्या म्हणते, 'अंगण अडवून बसलीय ती, दे भंगारात आणि तूही परत जा, चांगली नोकरी धर.' मी म्हटलं, आत्या, मी परत जायला आलेली नाही. ती म्हणते, 'मग कशाला आलीस? इथे आहे कोण?' — बरोबर प्रश्न आहे म्हणा. पण काका, मी जिथे शिकले ना, तिथे जुनी होडी कुणी अशी टाकून देत नाही. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर काय, शिक्षक काय, बाह्या वर करून फळ्या घासत बसलेले असतात, पोरं त्यांच्या आजूबाजूला. मी काठावर उभी राहून बघायचे आणि मला वाटायचं — पाणी आमच्याकडेही आहे, वारा आहे, पोरं तर आहेतच आहेत, मग अडलंय कुठे? आमच्या पोरांना पाणी म्हणजे फक्त बुडायची जागा, हे कुणी ठरवलं? तेव्हाच ठरवलं. शिक्षण संपलं की परत यायचं, ठेंगणी पाण्यात उतरवायची, शाळेतल्या पोरांना शिकवायचं, फुकट, मुलींना आधी. बाबा शिकवतील, मी हाताखाली राहीन. बाबांना सांगितलं नव्हतं, म्हटलं समोर उभी राहूनच सांगू, तोंड बघू त्यांचं. तर माझी परीक्षा संपायच्या आतच ते — हं. झोपेत. त्रास झाला नाही म्हणतात.

आला चहा. साखर कमी असेल तर सांगा.

मग एकटीनेच सुरू केलं. सभा बोलावली हो! शाळेत कागद लावला, धक्क्यावर लावला, हॉलच्या खुर्च्या स्वतः पुसल्या, फळ्यावर होडीचं चित्र काढलं. आलं कोण? धक्क्यावरचा डिझेलवाला. तोही पंखा चालू दिसला म्हणून. मी त्या एकट्यासमोर भाषण केलं काका, पूर्ण, एक वाक्य गाळलं नाही. शेवटी तो म्हणाला, 'ताई, विचार चांगले आहेत तुमचे.' आता मला कळून चुकलंय — विचार चांगले आहेत असं कुणी म्हटलं की समजायचं, हा काही येत नाही. आणि वर निघता निघता म्हणतो, 'तुमचे बाबा शेवटी शेवटी एकटेच ओरडायचे हो होडीत.' हसत म्हणाला. मला इतका राग आला. म्हटलं, म्हातारा माणूस गेला, त्याची चेष्टा कसली करता? 'चेष्टा नाही ताई, आम्ही सगळे ऐकायचो — एकटेच असायचे आणि ओरडायचे, पलटी!'

पलटी म्हणजे — थांबा, दाखवते. ही दोघांची होडी आहे. मागे, इथे, बाबा. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. पुढे, ही अशी, माझी जागा. वारा शिडाला ढकलतो, होडी कलते, मग ज्या बाजूनं वारा येतोय त्या बाजूला भिडूनं बसायचं, वजन द्यायचं. भिडू म्हणजे मी. घरात मी बाळ आणि सोनू आणि काय काय, होडीत मात्र भिडू. दिशा बदलायची झाली की बाबा ओरडायचे, 'भिडू, पलटी!' — की ही आडवी काठी डोक्यावरून सर्रकन जाणार, मी मान खाली घालून बाकावरून या टोकाला. एकदाही काठी लागली नाही मला. मी नसले तर ती चालतच नाही, असं सांगायचे सगळ्यांना. मला वाटायचं लाडानं सांगतात. खरंच चालत नाही हो. एकट्यानं नेली तर जरा वारा चढला की आडवी होते.

लाकूड बघायचंय ना तुम्हाला, या. हे ठोका. टणटणीत आहे की नाही? ही फळी — ठोका. ही बाजू सगळी उत्तम. हे जर सगळीकडे असं असेल ना काका, तर मी तुम्हाला हात जोडून परत पाठवणार, राग मानू नका. आता इकडे — अरे. इथे तर बोट जातंय. हे मी बघितलंच नव्हतं, या बाजूला भिंत आहे ना. माझ्या बाकाखालीच. एवढाच तुकडा कसा काय कुजला? पाऊस लागला असता तर सगळीकडे — काय आहे आत? मलाही दिसतंय काहीतरी. पोतं? धरा जरा, दोरी आहे त्याला. आई गं! काय जड आहे. ओढा, उचलू नका, ओढा —

वाळू.

वाळूच आहे हो. अजून दमट आहे आतून. आणि शिवलंय बघा कसं, जाड दोऱ्यानं, दुहेरी टाके. मध्येच उसवून परत शिवलंय. पुन्हा इथे, वेगळा दोरा. म्हणजे दर वेळी उघडून त्यात — आणि ही मूठ, या बाजूला एक, त्या बाजूला एक. बाकावरून ओढायला. पलटी झाली की इकडून तिकडे —

नाही, काही नाही. बसते जरा. तुम्ही चहा घ्या.

ओला पंचा बाकावर विसरले तर ओरडायचे मला. 'लाकूड आहे ते, श्वास घेतं!' आणि स्वतः हे ओलं पोतं कायम इथेच ठेवून द्यायचे? काढून ठेवायला काय झालं होतं? बाकावरून सरकवणं वेगळं, पण कठड्यावरून वर उचलायचं, त्या वयात, एकट्यानं, एवढं वजन — काका, तुमचा काटा आहे ना ट्रकमध्ये? उतरवा की. होडीचं पितळ नंतर मोजू. आधी हे ठेवा. धरा तिकडून. किती?

बरोब्बर अठ्ठावन्न.

नाही, बरोबर आहे तुमचा काटा. काही बिघडलेला नाही. सरका, मी उभी राहते. चपला राहू द्या, कपड्यांसकटच विचारायचे ते. — बघा. एकोणपन्नास. तेव्हाही एवढीच होते. म्हणजे मी सांगत गेले आणि ते भरत गेले. नऊ किलो जास्तीची भिडू घेऊन फिरले हो. तिला इकडून तिकडे ओढताना किती दमत असतील. आणि वर ओरडायचे, पलटी! — पोत्याला. आणि मग स्वतःच —

हसताय? हसा, हसा. मलाही हसू येतंय. काय म्हणून डिझेलवाल्यावर चिडले मी.

नाही देणार. मला कळतं तुम्ही एवढ्या लांबून आलात. पण ही नाही देणार मी. तीन-चार फळ्या तर आहेत. बदलीन. शिकीन. पोरं येतील नाहीतर नाही येणार, मी नेईन हिला पाण्यात. काय? — हो, ते आहेच, भिडू लागणारच. मी मागे बसणार, सुकाणू मी धरणार, मग पुढे कुणीतरी — नाही, कुणी नाही माझ्याकडे. आत्या? आत्या अंघोळीच्या पाण्यालाही घाबरते.

पोतं? हां! हे बरं सांगितलंत. दुसरं शिवायचं. रोज वाळवायचं, दर वेळी वाळू काढायची, भरायची. त्यांच्या वजनाचं. पुढे ते बसतील, मागे मी, आणि मी ओरडणार — हो काका, हे पक्कं. कसं सुचलं तुम्हाला? आजच भरते, वाळू तर आहेच इथे, काटाही आहे, तुम्ही फक्त आकडा बघा, मी भरते —

बाबांचं?

बाबांचं वजन म्हणजे — उंच होते ते. हात असे मोठे. आधी भरलेले होते अंगानं, मग फोटोत जरा — तसे बारीक नव्हे, पण शेवटी — साठ? साठ नसेल. जास्त असेल. सत्तर? मी कधी — ते विचारायचे ना दर रविवारी, ते विचारायचे, मी सांगायचे, आणि मग फोन —

तुम्ही निघा आता, काका. हो, रिकामाच न्या ट्रक. माळ्यावरचं शीड नंतर कधीतरी. काटा — काटा राहू द्याल का आजचा दिवस? उद्या आणून — नाही. न्या, न्या. त्याचं काय करू मी.

फाटक ओढून घ्या जाताना.