नळी जागेवर आहे ना?

बोलू नका म्हणता, मग नाही बोलत — पण हनुवटी या डोळ्याच्या यंत्रावर अशी टेकवून, कपाळ त्या पट्टीला लावून माणूस किती वेळ गप्प बसणार, ताई? बघते, त्या टिंबाकडेच बघते आहे. पापणीसुद्धा लवली नाही माझी. मग पुन्हा कशाला? माझ्या आधी ते आजोबा बसले होते, त्यांचं एका झटक्यात झालं — पडद्यावर हिरवी चौकट आली, तुम्ही म्हणालात, "छान, नळी जागेवर आहे." माझं हे तिसऱ्यांदा चाललंय, आणि छान तर सोडाच, तुम्ही हूं की चूं करत नाही. लाल आलीय ना? नाही, इथून कुठली दिसायला — पण मी जन्मभर पडदे शिवले, ताई. पडदा टांगल्यावर गिऱ्हाईक गप्प झालं की समजायचं, माप चुकलं.

डॉक्टरच सांगणार? अहो, डॉक्टर म्हणजे माझी लेक! तुम्ही नव्या, तुम्हाला कुणी बोललं नसेल. काचबिंदूचं ऑपरेशन तिनंच केलं माझं, डोळ्यातलं पाणी वाहून जायला ती एवढीशी नळी तिनंच बसवली. नाहीच म्हणत होती — आईच्या डोळ्याला हात लावणार नाही म्हणे — मीच हट्टाला पेटले. का म्हणजे? तिच्या हातून एका बाईंचा डोळा गेला होता. चूक तिची नव्हती, सगळे तेच म्हणाले, पण हिनं ऑपरेशन करणंच सोडून दिलं. जेवायला बसली की घास हातातच, आपलेच हात उताणे धरून बघत राहायची. मला काचबिंदू निघाला ना, तेव्हा खरं सांगते, मला चक्क बरं वाटलं. म्हटलं, आता कशी नाही म्हणतेस बघू! मोठे डॉक्टर शेजारी उभे राहिले, तिनं केलं. आणि पहिल्या तपासणीला डोळ्यातला दाब उतरलेला — सगळ्यांसमोर गळ्यात पडली माझ्या, लहानपणी पडायची तशी. लगेच पुन्हा कामाला लागली.

मग दाब बरोबर आणि नळी चुकलेली, हे कसं, असंच ना? मलाही… दार लोटलंय ना, ताई? — मी थेंब घालते. जुने, ऑपरेशनआधीचे, दाब उतरवणारे. बंद कर म्हणाली होती, नळी काम करते की नाही ते कळायला हवं म्हणून. पण घरी गेल्यावर डोळा ठणकायला लागला, दिव्याभोवती कडी दिसायला लागली, म्हणून घातले, आणि तो पहिला दाब मोजला तो त्या थेंबांवरच! गळ्यात पडलेल्या पोरीला काय सांगणार? पुढच्या वेळी सांगू म्हटलं — तर पुढच्या वेळी ती दुसऱ्याच कुणाचं ऑपरेशन करून हसत आली. मग घालतच राहिले. ते दाब मोजायचं यंत्र थेंबांना फसतं हो. पण हे तुमचं नवीन यंत्र आपलं आपण आत शिरून नळी हुडकून काढेल, हे कुणाच्या ध्यानीमनी!

दिसतं ना. समोरचं स्वच्छ दिसतं. खालचंच जरा — पायरी चुकते, परवा कापडाऐवजी बोटच कात्रीत… ते जाऊ द्या.

एवढं करा, मी हलले म्हणून लिहा. फोटो नीट आले नाहीत, म्हातारी स्वस्थ बसेना — बसत नाहीतच की माणसं! उद्या तिच्याकडे एका लहान मुलाचं ऑपरेशन आहे, तेवढं होऊ द्या, मग मीच… काय? फोटो आपोआप जातात? म्हणजे तुम्ही काही न करताच, सरळ तिच्या टेबलावर? तिन्ही?

फोन वाजतोय तुमचा. घ्या. घ्या ना!

तीच आहे? काय म्हणते? रडतेय का? — शांत आहे? अगदी शांत? मग एवढं काय विचारतेय ती तुम्हाला… काय?

मी थेंब घालते का, हे विचारतेय?

नाही, तुम्ही नका सांगू, मीच सांगते. इकडेच येतेय म्हणता? मग ठेवा तो फोन. आणि जरा बाहेर थांबा, ताई. — हो, यंत्र राहू द्या चालू, तिला बघू दे. जा म्हणते ना.