बिचारीला रेंज नाही

...आणि वर मलाच विचारतात, सीटवर तेलाचा डाग कसला? आता तुम्हीच सांगा, डोकं माझं, केस माझे, तेल मी चोळलेलं, मग डाग काय शेजारणीचा असणार? पण ते मागाहून. आधी गाडीचं सांगते, कारण आमच्या घरात आधी गाडी, मग सासूबाई, मग हे, मग सोफा, आणि त्यातून जागा उरली तर मी.

तर ह्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. साधीसुधी नाही, फोनशी बोलणारी. म्हणजे हे ऑफिसात बसून बोट फिरवणार आणि इकडे गाडीतला एसी चालू होणार, चार्जिंग किती झालं ते कळणार, कोणी दार उघडलं तर ती लगेच चहाडी करणार. ऑफिसला हे जातात मित्राच्या गाडीतून, कारण तिकडे पार्किंगमध्ये ऊन असतं आणि हिचा रंग उतरेल. सगळं झकास होतं हो, फक्त आमचं गॅरेज पडलं घराच्या पोटात, जाड भिंतींचं, तळाशी. गाडीतही आपल्या फोनसारखंच सिमकार्ड असतं म्हणे, ते तिथे जाऊन मुकं झालं. ह्यांच्या फोनवर सारखं एकच... ‘गाडीशी संपर्क होत नाही.’ मी लेकीच्या वेळी कळा देत होते तेव्हा हे बाहेर बसून शब्दकोडं सोडवत होते, नर्सबरोबर आत निरोप पाठवला होता, ‘नदीला चार अक्षरी शब्द विचारा तिला.’ तोच हा माणूस आता ताटावरून अर्धा उठायला लागला. म्हणे, "बिचारीला रेंज नाही गं. एकटी असते खाली."

आधी घरातलं वायफाय तिच्यापर्यंत पोचवून पाहिलं. ते जिन्यातच दम तोडायचं. मग राहिलं कोण? मी. ऑफिसातून फोन, "अगं, खाली जाऊन बघ, चार्जिंगचा दिवा हिरवा आहे का निळा?" उतरा. बघा. चढा. सांगा, हिरवा. "वायर नीट बसलीय ना?" परत उतरा. माझ्या गुडघ्यांचा आवाज ह्यांना फोनवर ऐकू जायचा, तर म्हणायचे, "हा कुरकुर आवाज गाडीचा तर नाही ना?"

पण तुम्हाला सांगते, एका दुपारी खाली गेले ती जरा टेकावं म्हणून गाडीत बसले, दार ओढून घेतलं, आणि... काही नाही. काहीच ऐकू येईना. माझाही फोन मेल्यासारखा गप्प. तुम्हाला त्यातली गंमत कळायची नाही, कारण तुम्हाला आमच्या सासूबाई नाहीत. पाय धड, कान धड, दात सोडले तर सगळं धड, आणि पलंगावरून मला स्वयंपाकघरात फोन करतात. "पंखा एकने कमी कर." जाऊन कमी करायचा. पाठ वळली की फोन, "उकडतंय." बटण त्यांच्या उशाशी आहे, बरं का. हात लांब केला तर पंखाच हाताला लागेल.

तुम्ही म्हणाल, बाई गं, फोन घरातच ठेवून जायचा. ठेवला होता ना एकदा. तेवढ्यात मी फोन उचलेना म्हणून ह्यांनी ऑफिसातून फोन करून शेजारणीला गच्चीवर पिटाळलं, सासूबाईंचा निरोप देऊन. "टाकीत डोकावून या हो, सूनबाई पडली असेल तर पाणी पिता यायचं नाही." पण फोन हातात आहे आणि ‘खाली रेंज नव्हती’ असं म्हटलं की कोणाची टाप नाही बोलायची. जेवणं आटपली, भांडी झाली की मी आपली खाली. सीट मागे, डोळे बंद. ह्यांना वाटायचं, बायको गाडीला जीव लावते.

मग आला बूस्टरवाला. त्याने समजावलं, उंचावर जिथे रेंज चांगली तिथे एक अँटेना, तिथून वायर खाली गॅरेजात, तिथे दुसरी, की गाडीला रेंजच रेंज. "फक्त वर जागा शोधायची. कोणीतरी फोन घेऊन चढा." कोणीतरी म्हणजे कोण, हे आमच्या घरात विचारावं लागत नाही. ह्यांची कंबर नाजूक. हे शिडी धरून उभे, म्हणजे शिडीजवळ उभे, दोन्ही हातांनी स्वतःचा फोन धरून.

"किती दांड्या?" हे खालून.

मी टाकीच्या मागे. फोनकडे बघते तर सगळ्या दांड्या भरलेल्या, शिगोशीग. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती खालची काळी शांत सीट. मी आजवर देवाशीसुद्धा खोटं बोलले नाही, पण म्हटलं, "एकच. तीही येते-जाते."

ह्यांनी सुस्कारा टाकला. बूस्टरवाला वायर गुंडाळायला लागला. आणि माझ्या हातातला फोन वाजला. उचलला, तर सासूबाईंचा आवाज एवढा खणखणीत, की खाली दोघांनी ऐकला. "पंखा एकने कमी कर. आणि टाकीवर चढली असशील तर पडू नको, आजच पाणी भरलंय."

बूस्टरवाला म्हणाला, "वहिनी, हलू नका. इथेच ठोकतो."

दुसऱ्या दिवशी मी आपली सवयीने खाली. डोक्यावर तेल थापलेलं, सीट मागे, एसी जरासा, डोळे मिटले... आणि एसी बंद. मग फोन वाजला, उचलला तर चारी बाजूंनी, पायातून, पाठीतून, ह्यांचा आवाज. माझा फोन गाडीच्या स्पीकरांना जोडला गेला होता.

"गाडीत कोण आहे?"

"मी."

"हात्तिच्या. मला वाटलं चोर. काय करतेयस?"

"बसलेय."

"का?"

लग्न झाल्यापासून मी बसले की उभी हे कोणी विचारलं नव्हतं. "उतर, मी इथून लॉक करतो," म्हणाले, आणि मी उतरायच्या आधीच केलं. आतून दार उघडलं, तर गाडीने असा गळा काढला, असा काढला, की माझ्या माहेरच्यांनी माझ्या पाठवणीला काढला नसेल. त्यात सासूबाईंचा फोन, चारी स्पीकरांतून, "अगं, कोण मेलं? आणि पंखा कोण बघणार?"

हे ऑफिसातून धावत आले. धावत. माझ्या पोटात कळा होत्या तेव्हा... जाऊ दे. येऊन बॉनेटवर हात ठेवला, म्हणाले, "घाबरली असेल." मी बाजूलाच उभी, मला वाटलं आता माझ्याकडे वळतील. वळले की. "तेल लावून बसली होतीस?"

आता घरभर रेंज आहे, गॅरेजात आहे, जिन्यात आहे, टाकीमागे छान सावली असते पण तिथे तर सगळ्यात जास्त आहे. सासूबाई काल शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "सूनबाई हल्ली पहिल्या रिंगला फोन उचलते हो. तिचा दोष नव्हता, इतके दिवस बिचारीला रेंज नव्हती..."

थांबा हं, वाजतोय. हो आई... हो, अगदी कानात बसून बोलल्यासारखं ऐकू येतंय... कमी करते. एकने ना?