सासऱ्यांच्या साइटले लावलेलं लिमिट

सासऱ्याले नाही म्हणणं किती कठीण असते, ते मले त्या दिवशी समजलं. मी पांढुर्ण्यात लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. एकाच सर्व्हरवर तीसेक साइट आहेत. कोणीही ठरल्यापेक्षा जास्त मेमरी अन् प्रोसेसर खाऊ नये म्हणून मी प्रत्येकाले लिमिट लावून ठेवलं आहे. फक्त सौंसरचे माझे सासरे सुटले होते. ते वधूवर मंडळाची साइट चालवतात.

त्या दिवशी त्यांनी परिचय मेळाव्याचे शेकडो फोटो टाकले, अन् गावोगावचे लोक एकदमच पाहायले लागले. सर्व्हर पुरा जाम झाला. तेवढ्यात तिगावच्या एका पोरीचा फोन आला. तिच्या कॉलेजची साइटही याच सर्व्हरवर आहे, अन् मदतीसाठी तिथं माझाच नंबर दिला आहे. "भाऊ, कॉलेजची साइट उघडूनच नाही राहिली. फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस आहे." ती रडकुंडीले आली होती.

मी मन घट्ट केलं अन् सासऱ्यांच्या साइटले लिमिट लावलं. दहा मिनिटांत पोरीचा फॉर्म भरल्या गेला. मग सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, आमची साइट लय हळू चालून राहिली. तुम्हीच काही केलं का?"

मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं.

"त्या पोरीचा फॉर्म भरला ना?"

"हो, भरला."

"अन् हे लिमिट बाकीच्यायले पहिल्यापासून आहे?"

"हो."

"मग मले काऊन नव्हतं?"

"तुम्ही सासरे ना, मामाजी."

"म्हणजे सर्व्हर माझ्या फोटोंनं नाही, तुमच्या भिडेनं बसला," ते म्हणाले.