बाटलीत दोन उरायला हव्यात

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष मोठ्या डॉक्टरबाई, मंचावरचे अधिकारी साहेब, औषधं देणारे दादा, उद्यापासून समुपदेशनाच्या खोलीत बसणार आहेत त्या नव्या ताई, जिच्या निरोपासाठी आपण आज हे बाक भिंतीला सरकवले ती आपली सगळ्यांची ताई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

आधी एक विनंती. ते दार जरा लोटून घ्या. आणि फोटो काढणाऱ्यांनी मंचाचेच काढावेत, समोरच्यांचे नकोत. माझ्या सुनेला मी गुडघ्याचं औषध आणायला जातो एवढंच ठाऊक आहे. चौदा वर्षं झाली, गुडघा काही बरा होत नाही, म्हणून ती बिचारी तुम्हा लोकांच्या नावानं बोटं मोडते. डॉक्टरबाई, तिच्या वतीनं मी माफी मागतो.

मी शिंपी माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. चार शब्द लिहून आणलेत, पण चष्म्याची काडी सकाळीच तुटली, तेव्हा आठवेल तसं बोलतो. लांबलं तर हात वर करा.

ताईंबद्दल काय सांगू? एचआयव्हीच्या या केंद्रात माणूस पहिल्यांदा येतो तो भीतीनं येतो. पण वर्षानुवर्षं येत राहतो तो कुणासाठी? कुणाची तारीख चुकली की ताई संध्याकाळच्या आत फोन करायच्या. घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर म्हणायच्या, टेलरकडून बोलतेय, कपडे तयार आहेत, घेऊन जायला सांगा. ही युक्ती मला विचारूनच काढलेली. माझ्या नावावर त्यांनी इतके कपडे शिवले, की तेवढे मी जन्मात शिवले नाहीत. माणसं मात्र परत यायची.

आता जे बोलायचं ते बोलतो. पाणी आहे का? असू द्या.

आपल्याला सगळ्यांना हिशेब माहीत आहे. बाटलीत तीस गोळ्या, रोजची एक, बोलावणं अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे दोन उरायला हव्यात. ताई ताटलीत ओतून मोजायच्या. दोन निघाल्या की चेहरा असा उजळायचा! जास्त निघाल्या तर रागवायच्या नाहीत, नुसत्या गप्प बसायच्या. ते गप्प बसणं मला सोसायचं नाही. म्हणून एकदा माझ्याकडे पाच उरल्या, तेव्हा तीन मी जिन्याखालच्या बेसिनमध्ये सोडल्या आणि वर जाऊन शाबासकी घेतली.

त्यानंतर एक बसचा ड्रायव्हर आला. तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल, उंच, फार हळू बोलणारा. पहिल्याच महिन्यात त्याच्या बाटलीत सात उरल्या. लांबचा रूट, कंडक्टर कायम शेजारी, रोज कसली गोळी म्हणून विचारणार, म्हणून पठ्ठ्या गाडीवर असला की घ्यायचाच नाही. बाकावर माझ्याशेजारी बसून घामाघूम झालेला. म्हणाला, काका, मी आलोच नाही समजा, निघतो. मला वाटलं, हा गेला तर कायमचा गेला. मी त्याच्या कानात सांगितलं, जिन्याखाली बेसिन आहे, पाच तिथं सोड, दोन ठेव.

तो थांबला. चार वर्षं त्याची एक तारीख चुकली नाही. दर वेळी ताटलीत दोन. ताई नव्या माणसांना सांगायच्या, ड्रायव्हरसाहेबांसारखं औषध घ्या. तो मान खाली घालून बसायचा, आणि मीही.

रक्ताचे अहवाल बिघडत गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, त्यानं मुलांची शपथ घेतली. गोळ्यांचा आकडा तर बरोबर होता. औषध बदललं. नवी बाटली, तेच बेसिन. मी त्याला दोनदा म्हटलं, आता सांगून टाक. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. का नाही म्हटलं? माझंही नाव निघेल म्हणून.

मग त्याला क्षयानं धरलं. मी वॉर्डात भेटायला गेलो तर त्याचा शर्ट असा लोंबत होता, की माझा हात आपसूक शिवण आत घ्यायला गेला. म्हणाला,

"काका, ताईंना सांगू नका. त्यांना वाटतं मी त्यांचा पहिल्या नंबरचा पेशंट आहे."

आठवड्यानं तो गेला. त्या दुपारी मी ताईंच्या खोलीचा पडदा शिवून लावायला आलो होतो. त्याची फाइल त्यांच्यासमोर उघडी होती.

"काका, याची एक गोळी चुकली नव्हती हो. माझ्याच लक्षात काहीतरी आलं नाही."

मी स्टुलावर उभा होतो. तोंडात टाचण्या होत्या. त्या निमित्तानं गप्प राहिलो. त्याला सहा वर्षं झाली. ताई अजून नव्या माणसाची फाइल तीन-तीनदा वाचतात, ते मी बाकावरून बघतो.

ताई, तुमच्या लक्षात येणार कसं? आम्ही येऊच दिलं नाही. उद्यापासून तुम्ही इथं नसाल, आणि ती दुपार तुम्ही सोबत घरी न्याल, या विचारानं मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

आज माझी तारीख आहे. ही बाटली. पाहुण्यांनी घर भरलं होतं, आडोसा मिळाला नाही, म्हणून दोनाऐवजी सहा आहेत. येताना पाय बेसिनपाशी थांबले होते, खोटं कशाला बोलू. नव्या ताई, या तुम्ही मोजा. आणि तुमच्या ताटलीत सहा निघाल्या तर गप्प बसू नका, का उरल्या ते विचारा. ज्याच्या कायम दोनच निघतात, त्याला तर आधी विचारा.

मोठ्या डॉक्टरबाईंनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या. बेसिनचं तेवढं सोडू नका. ताई, ते माझ्या नावावर टाका, आणि तुम्ही मोकळ्या हातांनी घरी जा.

नमस्कार.