सतरा नंबरची लंगडी

...आणि वर बाई मलाच म्हणतात, "काका, आता तुम्ही कुंपणाच्या आत यायचं नाही!" मला! अहो, अकरा वर्षं त्या कुरणात मी पिंजरे लावले, कुठल्या झुडपाखाली काटे आहेत ते माझ्या पायांना पाठ आहे, आणि मला म्हणतात आत यायचं नाही... आणि दुःख हे की बरोबरच म्हणतात! चूक दुसऱ्याची असती तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. स्वतःची असली की शिव्या कुणाला द्यायच्या?

मी तसा फार बोलणारा माणूस नाही. पण आज बोलतो.

तुम्हाला सांगतो, मी रानउंदीर मोजायच्या कामावर होतो. हसा, हसा. सगळेच हसतात. आमची ही तर शेजारणींना सांगते, "आमचे हे उंदीर पकडतात. पकडून काय करतात? सोडून देतात! तिकडे त्यांना कापसाच्या गाद्या, आणि इकडे माझ्या पिठाच्या डब्याला भोक!" आता गादी नाही घालायची तर काय करायचं? पिंजरा पत्र्याचा, पहाटेची थंडी, आत एवढासा जीव. मी सकाळी जाईपर्यंत गारठून मरेल की नाही?

तर मोजायचे कसे? उंदीर काही हजेरीला उभे राहत नाहीत. उंदरांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या बाईंनी मला वाटाण्याचा डबा घेऊन शिकवलं. एक मूठ काढली, प्रत्येक वाटाण्यावर शाईचा ठिपका दिला, परत डब्यात टाकले, डबा हलवला आणि पुन्हा मूठ काढली. "बघा काका, या मुठीत ठिपकेवाले फार आले, तर डब्यात मुळात वाटाणेच थोडे. ठिपकेवाले कमी आले, तर डबा भरलेला." मी चौथी नापास, पण हे मला एका फटक्यात कळलं. मग विचारलं, "आणि बाई, एखादा पुन्हा सापडलाच नाही तर?" तर म्हणाल्या, "वहीत लिहायचं, दिसला नाही. मेला असं लिहायचं नाही. गेला असेल दुसरीकडे, नाहीतर आपल्या पिंजऱ्यावर रुसला असेल. दिसला नाही म्हणजे मेला, असं नसतं काका."

एवढं वाक्य मी मनात धरून ठेवलं. आणि नेमकं पुढचं विसरलो! पुढं त्या म्हणाल्या होत्या, "पण वाटाणे हातात धावत येत नाहीत. उंदरांना तसली सवय लागली, तर सगळं गणित फसतं."

यंदाची मोजणी साधी नव्हती हो. कुरणाच्या जागी गोदामं बांधायची होती. गोदामवाले साहेब बूट झटकत आले आणि म्हणाले, "दीडशेच्या वर निघाले तर जागेला हात लावणार नाही. कमी निघाले तर उचलून दुसरीकडे नेऊ. उंदीरच आहेत, त्यांना काय सामान बांधायचंय?" बाईंचा चेहरा असा झाला... मी म्हटलं, घाबरू नका बाई, भरपूर आहेत. मला माहीत आहेत ना!

चाळीस पिंजरे लावले. चाळीस उंदीर सापडले. चाळिसांच्या कानाला नंबरचे बिल्ले. त्यात ही सतरा नंबरची, मागचा एक पाय अधू. मी तिला लंगडी म्हणायचो. सोडली तर जाईना, माझ्याकडेच बघत बसली. आता तुम्हीच सांगा, काय करणार? खिशात शेंगदाणे होते. दोन दिले. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? त्यांनाही सोडताना दोन-दोन दिले. मग मधला आठवडाभर रोज सकाळी पिंजरे जागेवर आहेत ना, एवढं बघायला जायचो... आणि जाताना हात रिकामे कसे न्यायचे? तिसऱ्या दिवशी तर नुसती पावलं वाजली की बिल्लेवाले पिंजऱ्यांच्या उघड्या दारात हजर! मला काय आनंद! म्हटलं, ओळखतात हो मला!

पुन्हा पकडायचा दिवस आला. चाळीस सापडले, त्यात बत्तीस माझे. माझे म्हणजे बिल्लेवाले. एका पिंजऱ्यात एकच मावतो. हे आधी घुसून बसले, नवे बिचारे बाहेरच राहिले. बाईंनी आकडेमोड केली, पुन्हा केली आणि पेन खाली ठेवलं. "पन्नास. काका, अख्ख्या कुरणात फक्त पन्नासच..."

दोन दिवस मला घास गेला नाही. बाईंचा विश्वास, माझी अकरा वर्षं... सांगावं की नाही? शेवटी हिला सांगितलं. वाटलं, ओरडेल. तर ही हळूच म्हणाली, "अहो, ज्यांना खाऊ घातलंत, त्यांनाच घराबाहेर काढलंत की हो."

तसाच उठलो. बाईंच्या टेबलावर शेंगदाण्याची पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एक शेंगदाणा उचलून बघत बसल्या नुसत्या. मग म्हणाल्या, "काका, उंदीर चुकले नाहीत. माझ्या गणितात तुम्हाला धरायचं राहिलं."

पुन्हा मोजणी केली. पिंजरे नव्या जागी, आमिष वेगळं, खूण नवी, आणि मी कुंपणाबाहेर. चाळिसांच्या पाठीला रंग लावून सोडले. नंतर चाळीस सापडले, त्यात रंगाचे आठच. म्हणजे दोनशे! साहेब म्हणाले, "मागं तर पन्नास म्हणत होतात?" बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी कुरणात एक माणूस जास्त होता."

कुरण वाचलं. मी बाहेर. ठीक आहे, महाग नाही पडलं.

फक्त बाईंना एकदा विचारलं, सतरा नंबर? त्यांनी वही उघडून दाखवली. नव्या मोजणीत दोन्ही वेळा तेच लिहिलं होतं, दिसली नाही. मी म्हटलं, असू दे. दिसली नाही म्हणजे मेली, असं नसतं.

हल्ली सकाळी कुंपणापर्यंत जातो. शेंगदाणे खिशात असतात, पण देवाशपथ, एकही टाकत नाही. मीच चघळतो, दात नाहीत तरी. आणि एकच काळजी लागून राहते बघा... ती आत कुठंतरी पावलांची वाट बघत बसली असेल, आणि म्हातारा दिसत नाही म्हटल्यावर तिनं काय धरलं असेल? तिला कोण सांगणार हो, दिसला नाही म्हणजे मेला, असं नसतं!