टोपीतली भाकर

माझं माहेर नरसीकडलं, सासर जवळा बाजारचं, अन् दोन्हीकडं शेत म्हणून काही न्हाई, त्यामुळं लगीन होऊन आले ती बांधकामावरच गेले बघा. काय सांगू तुमाला, पंचवीस वर्सं डोक्यावर चुंबळ अन् चुंबळीवर मालाचं घमेलं. हे बघा, पदर सारते, हितं टाळूवर रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली, केसच न्हाई. आमच्यातल्या सगळ्या बायांचं असंच.

मागल्या साली हिंगोलीत एका तीन मजली इमारतीवर होतो, मी अन् माझी धाकली जाऊ कमल. तिथल्या इंजिनेर सायबानं समद्यांना पिवळ्या कडक टोप्या दिल्या, डोक्यावर काही पडलं तर लागू न्हाई म्हणून. मिस्त्री लोकांनी घातल्या. आमी बायांनी काय करावं, टोपीवर चुंबळ बसतच न्हाई, घमेलं घसरून राहिलं, मंग मीच म्हणलं, कमल, टोपीत भाकर ठेव अन् लिंबाला अडकव, मुंग्या लागायच्या न्हाईत. लई हुशार समजत होते मी सोताला. बाकीच्या बायांनी बी तसंच केलं, लिंबाला नुसती टोप्यांची रांग, सायेब बी बघून हासला.

अन् पंध्रा दिवसांनी, मिस्त्री बांबूच्या ज्या पायाडावर उभे ऱ्हातात, त्याच्यावरून इट सुटली. कमल खाली घमेलं भरायला वाकली होती. मी धावून धरलं तिला तर माझे दोन्ही हात लाल. तिची टोपी तिकडं लिंबाला हलत होती, मधी दोघींची भाकर. दवाखान्यात टाके घालस्तोर मी भायेर बसून एकच म्हणत होते, तिच्या डोक्याची टोपी मी काढली, मीच काढली.

वाचली माय माझी. चौथ्या दिशी मी कामावर गेले, पण घमेल्याला हात लावला न्हाई. ठेकेदार म्हणला, काहून बसली? मी म्हणलं, डोकं एकच हाये, त्याच्यावर टोपी ठेवू का घमेलं, तुमी सांगा. त्यो म्हणला, बाया पहिल्यापासून डोक्यावरच वाहतात. मी म्हणलं, व्हय, पण हिरीचं पाणी गरगडीनं वर येतं, त्याला कुणी डोकं लावतं का? तशा एकेक करत सगळ्या बाया माझ्यापशी येऊन बसल्या. ठेकेदार लई बोलला, पण सायेब खाली बघत म्हणला, बाईचं बराबर हाये. दोन दिवसांत गरगडी लागली, पायाडाखाली दोर बांधून जागा बंद केली. आता टोपी घालून आमी खालून दोरी वढतो, माल आपला आपला वर जातो.

दोन महिन्यांनी कमल परत आली. मला वाटलं होतं, माझ्याशी बोलणार न्हाई. तर रोज सकाळी आधी माझ्या टोपीचा पट्टा आवळती, मंग सोताचा. भाकर डब्यात. परवा माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणली, आक्का, टाळूवर बारीक केस येऊन राहिले गं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, टाक्याच्या जागी काही येत न्हाईत, मला रडू आलं. ती म्हणली, येडी का काय, पदरात झाकतं की.

बरं, तुमी फटफटीवर आलात न्हाई का? मंग टोपी हँडलला काहून अडकवली? घाला बाबा डोक्यात, माझ्यासमोर घाला, अन् सुखाचं जावा.