गव्हाच्या बिअरमधले धणे

बाई नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या उजवा कान बंद झाला म्हणून. डावा मात्र शेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या बापलेकीकडे टवकारलेला होता. दोघं बिअर बनवणारे, हे एव्हाना कळलंच होतं.

"माझ्या नाकाला काय धाड भरलीय?"

"बाबा, परवा माझी गव्हाची कडक बिअर चाखून काय म्हणालात?"

"आधी संत्र्याची साल, मग धणे, घशाखाली गेल्यावर लवंग. आणि जपून प्या, चढते. फर्मास झालीय म्हटलं. चुकलं काय?"

"या वेळी धणे घातलेच नव्हते मी."

"विसरलीस?"

"मुद्दाम. सालही नव्हती."

"...लवंग तरी होती ना?"

"ती आपण कधी घालतो? तो वास यीस्टमुळेच येतो."

"म्हणजे तेवढं बरोबर आलं."

"बाबा, कधीपासून?"

"त्या तापापासून. गोड-कडू कळतं गं, बाकी सगळं पाणी."

"मग बोलला का नाहीत?"

"मी घोट घेतला की तू श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघतेस. काय बोलू? पण तुला शंका आली कशी?"

"तापातून उठल्यापासून तुम्ही माझ्या बिअरला एकदाही नावं ठेवली नाहीत."